मन रमत नाही म्हणून प्लॉट घ्यावा का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई ४६ वर्षांच्या, राहायला पुण्यात कोथरूडला. कॅम्पातल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेमच्या फायली तपासायचं काम. ऑफिस पाचला सुटतं. नवरा चाकणला नोकरीला, सकाळी लवकर कंपनीच्या बसने जातो. मुलगा बारावीत. सासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून चालतात. त्यांची कॉट हॉलमध्ये टीव्हीसमोर. दिवसा त्यांना बघायला मावशी येतात, पण सहाला मावशींना निघायचं असतं, त्यामुळे रोज घर गाठायची घाई. वर्षभर सतत ताण, चिडचिड, पहाटे तीनला जाग. मैत्रिणीने सुचवलं म्हणून बाई दर रविवारी एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर गडांवर जाऊ लागल्या. "सगळे फ्रेश होऊन येतात. मी दुप्पट थकून येते, शिवाय सासूबाईंना टाकून हिंडायला गेल्याची टोचणी. सोमवारी पुन्हा तेच." आता नवऱ्याने पानशेतजवळ वीस लाखांचा प्लॉट पाहिलाय. पाच लाख साठलेले आहेत, बाकीचं कर्ज. "दर शनिवार-रविवार तिथे जाऊ, तुला शांतता मिळेल," असं त्याचं म्हणणं. बाईंचे प्रश्न दोन: प्लॉट घ्यावा का? आणि निसर्गात जाऊनही मन रमत नसेल, तर माझ्यातच काही बिघाड आहे का?

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, त्याला फार वेळ लागणार नाही. तुमच्यात बिघाड नाही. डोंगरात गेलं की मन शांत व्हायलाच हवं, आणि नाही झालं तर आपणच कमी पडलो, असं तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे. हल्ली गडावरून आलेला प्रत्येक जण "रिचार्ज होऊन आलो" म्हणतो. फोटोखाली तसं लिहायची पद्धतच पडलीय. तुम्ही खरं ते लिहिलंत, एवढाच फरक.

आता तुमचा रविवार बघू. पत्रात तो तुम्ही तपशिलाने लिहिलाय. पहाटे चारला उठून घरच्यांसाठी पोळी-भाजी. सासूबाईंच्या सकाळ-दुपारच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत. मुलासाठी फ्रिजवर चिठ्ठी. साडेपाचला नळ स्टॉपला बस, बसमध्ये अंताक्षरी. पायथ्याशी सगळ्यांची ओळख, मग "चला चला, उन्हं चढायच्या आत वर पोचायचंय". मधूनमधून शिट्टी. कुणाच्या तरी सॅकला लटकलेला स्पीकर. वर गेल्यावर बॅनर धरून फोटो, पिठलं-भाकरीला रांग. येताना खडकवासल्याच्या चौपाटीपाशी गाडी हलायला तयार नाही. घरी येऊन धुळीचे कपडे भिजत घालेपर्यंत सासूबाईंच्या चहाची वेळ झालेली.

या एवढ्या मोठ्या दिवसात कुणीही तुमच्याकडे काही मागत नव्हतं असा वेळ किती होता, ते मी शोधत होते. मला तो सापडला नाही. घरात घड्याळाप्रमाणे वागायचं, गडावर शिट्टीप्रमाणे. मग थकवा दुप्पट नाही येणार तर काय?

ट्रेकिंग ग्रुपना मी नावं ठेवत नाही. पुण्यात राहून तसं करायची माझी छातीही नाही. एकट्याने कधी घराबाहेर न पडलेल्या किती तरी बायका अशा ग्रुपमुळे राजगड-तोरण्याला जाऊन आल्या, आणि पन्नाशीनंतर नवे मित्र मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. ज्याला माणसांची उणीव आहे त्याने तिथे जरूर जावं. तुमच्या आयुष्यात मात्र माणसं पुरेशी आहेत. जरा जास्तच आहेत.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे. तुम्ही ती अगदी सहज लिहून पुढे गेलात: "स्कूटर लावल्यावर वर जायच्या आधी मी दहा मिनिटं पार्किंगमध्येच बसते, मावशींचा फोन येईपर्यंत." मला वाटतं तुमचं सगळं पत्र या ओळीत आहे. पार्किंगमध्ये ना झाड, ना वारा. आहे तो पेट्रोलचा वास आणि सोसायटीच्या पंपाची घरघर. तरी तुम्ही तिथे रोज बसता, कारण त्या दहा मिनिटांत तुम्ही कुणाच्या सूनबाई नसता, कुणाची आई नसता, कुणाच्या मॅडम नसता. म्हणजे तुम्हाला आधी हवाय तो एकांत. निसर्ग त्यानंतर. हे दोन्ही एकत्र मिळालं तर उत्तमच, पण कुठलं कशासाठी हवंय ते ठाऊक नसलं की माणूस एकांतासाठी पंचवीस जणांच्या बसमध्ये बसतो, किंवा वीस लाखांचा प्लॉट घेतो.

तुमच्या कामाचाही यात वाटा आहे. दिवसभर डिस्चार्ज कार्डं, बिलं, तारखा, पॉलिसीचे नियम जुळवायचे. एक आकडा नजरेतून सुटला तर कुणाचे तरी पैसे अडकतात. असं काम शरीर थकवत नाही, लक्ष थकवतं. मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीफन कॅप्लन हे मानसशास्त्रज्ञ पती-पत्नी यावर अनेक वर्षं काम करत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जोर लावून एका जागी धरून ठेवलेलं लक्ष वापरून वापरून शिणतं, आणि मग माणूस चिडका होतो, विसरतो, साध्या निर्णयांनाही घाबरतो. हलणारी पानं, ढग, वाहतं पाणी हे सगळं आपलं लक्ष ओढून घेतं, पण हळूच. त्यासाठी आपल्याला जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात शिणलेला भाग विसावतो. मात्र तिथे दुसऱ्या कशावर लक्ष ठेवायचं नसावं. पुढच्याच्या पायांवर नाही, ग्रुप लीडरच्या सूचनांवर नाही, आणि आपण किती पावलं चाललो ते सांगणाऱ्या मनगटावरच्या घड्याळावर तर मुळीच नाही.

आता तुमच्या दारातल्या टेकडीबद्दल. कोथरूडला राहून तुम्ही लिहिताय की "शहरात निसर्ग उरलाय कुठे". पौड रस्त्यावरून मान वर केली की जी दिसते ती वेताळ टेकडी, पुणे शहरातली सगळ्यात उंच. वर वेताळबाबाचं देऊळ आहे, दगडाची जुनी खाण आहे, मोर आहेत. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे जाणाऱ्या रस्त्याने अर्धीअधिक चढण गाडीवरच होते, म्हणजे गुडघ्यांचंही निमित्त उरत नाही. तुमच्या बाजूची म्हातोबा टेकडी आणखी जवळ.

तुम्ही म्हणाल, या फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत तिथे आहे काय? सगळं वाळलेलं. आपण पुणेकरांनी निसर्ग म्हणजे हिरवं, आणि हिरवं म्हणजे जुलै-ऑगस्ट असं पक्कं ठरवून टाकलंय. म्हणून पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीत आणि सिंहगडावर गाड्यांना हलायला जागा नसते, आणि फेब्रुवारीत टेकडीवर रोज चालणाऱ्यांशिवाय कुणी नसतं. एकांत हवा असेल तर हेच दिवस चांगले. गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि बहुतेक झाडांनी पानं टाकलेली असतात, त्यामुळे पक्षी लपू शकत नाहीत. गणेराच्या काळपट फांद्यांवर एकही पान नसतं, पण तळहाताएवढी पिवळीधमक फुलं असतात, ती लांबूनसुद्धा दिसतात. सालईजवळ थांबा. तिच्या खोडावरून पातळ पापुद्रे सुटत असतात, उन्हात ते कडेने चमकतात; एखादा सुटलेला तुकडा बोटांत चुरगाळून वास घ्या, धुपाची आठवण येईल. मग कुठून तरी तांबटाची टुकटुक सुरू होईल. तो कुठल्या फांदीवर बसलाय ते शोधायला लागा. पोपटाहून बराच लहान, हिरवा, कपाळावर लाल ठिपका, आणि मान दर हाकेला दुसरीकडे वळवतो म्हणून आवाज आता डावीकडून, आता उजवीकडून आल्यासारखा वाटतो. चटकन सापडत नाही. सापडला नाही तरी काही बिघडत नाही, त्याचा रिपोर्ट कुणाला द्यायचा नसतो.

(दिसेल त्या प्रत्येक झाडाने भारावून जायची मात्र गरज नाही. आपल्या टेकड्यांवर ठिकठिकाणी जी एकसारखी, फिक्या गुलाबी फुलांची झाडं दिसतात ती गिरिपुष्पाची. मूळची मेक्सिकोकडची, वनीकरणाच्या नावाखाली लावलेली. त्यांच्या राईत पाखरांचा आवाज कमी असतो, तुमच्याही लक्षात येईल.)

किती वेळ जायचं? इथे तुमच्या सोयीचं एक संशोधन आहे. २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला निदान १२० मिनिटं बागेत, रानात, समुद्रकाठी घालवणाऱ्या लोकांनी आपली तब्येत आणि समाधान यांबद्दल, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा, जास्त चांगलं सांगितलं. आणि ही १२० मिनिटं एका दमात घेतली की तुकड्या-तुकड्यांत, याने फरक पडला नाही. आता यावरून १२० मिनिटांचा कुणी नवस बोलू नये. जे मुळात बरे आहेत तेच बाहेर पडत असतील, ही शंका अशा अभ्यासात राहतेच. पण तुमच्यासारखीला त्यातून एक गोष्ट उचलता येईल: आख्खा रविवार मोकळा झाल्याशिवाय काही साधणार नाही, हा हट्ट सोडून द्यायला हरकत नाही.

तर हिशेब करू. मार्चमध्ये सूर्य साडेसहाच्या पुढे मावळतो. तुमचं ऑफिस पाचला सुटतं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कॅम्पातून घरी न जाता थेट टेकडीवर गेलात तर पावणेसहा ते सव्वासहा-साडेसहा हा वेळ तुमचा. रविवारी सकाळी नवरा घरी असताना आणखी तासभर. झाली की १२० मिनिटं, आणि सासूबाईंना दिवसभर टाकूनही जावं लागलं नाही. वर गेल्यावर चालायचंच असं नाही. पंधरा मिनिटं चालून एखाद्या खडकावर बसा. फोन सायलेंटवर, पण जवळ. उजेड आहे तोवर उतरायला लागा. टेकड्यांवर अंधारात लुबाडण्याचे प्रकार झालेले आहेत, बाईमाणसाने आडवाटेला आणि खाणीच्या काठाला एकटीने जायचं कारण नाही. नेहमीच्या फिरणाऱ्यांच्या वाटेवर राहिलात की हाकेच्या अंतरावर कुणीतरी असतं आणि तरीही तुमच्याशी कुणी बोलत नाही. पुणेकरांच्या या एका गुणाचा असा उपयोग होतो.

इथे तुम्ही म्हणणार, "पण मावशी सहाला जातात." बरोबर. गाठ तिथेच आहे, आणि ती सोडवायला ना गड लागतो ना प्लॉट. मावशींना आठवड्यातून दोन दिवस साडेसातपर्यंत थांबायला विचारा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. त्यांना जमत नसेल तर त्या दोन दिवसांची दीड तासाची सोय दुसऱ्या कुणाकडून करा. मुलगा बारावीत आहे, हे मला पत्रात तीनदा वाचायला मिळालं. बारावीतला मुलगा आजीला चहा करून देऊ शकतो. त्याने त्याचे मार्क कमी होत नाहीत.

आता प्लॉट.

माझं मत विचाराल तर आत्ता घेऊ नका. पंधरा लाखांचं कर्ज, दहा वर्षं, व्याज दहा टक्के धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण १९,८०० रुपये. दहा वर्षांत मिळून जवळजवळ २३ लाख ८० हजार. हे फक्त जमिनीचं. पहिल्या वर्षी कुंपण, मग बोअर, मग पंप चोरीला गेला म्हणून राखणदार. कर्जाच्या हप्त्यासाठी तुम्हाला ही नोकरी याच तणावात आणखी दहा वर्षं करावी लागेल, म्हणजे तणावातून सुटका म्हणून घेतलेली जमीनच तुम्हाला त्या खुर्चीला बांधून ठेवील. आणि शनिवारी सकाळी शेगडी, पाण्याचे कॅन, पांघरुणं, सासूबाईंची औषधं गाडीत भरणारं माणूस कोण असेल? कच्च्या, उंचसखल जमिनीवर वॉकर कसा चालेल? सासूबाई बरोबर आल्या तर तुमची घरातली कामं पानशेतला, नाही आल्या तर तुमची टोचणी पानशेतला. रविवारी संध्याकाळी पुन्हा तीच खडकवासल्याची चौपाटी आहेच.

कागदांचंही बघा. हे तुमच्याबरोबर इतरांनाही सांगते, कारण मुळशी, वेल्हे, पानशेत भागातल्या "सेकंड होम" विषयी विचारणारी पत्रं बरीच येतात. जमीन कागदोपत्री बिगरशेती आहे की शेतजमीन, हा पहिला प्रश्न. शेतजमीन असेल आणि तुमच्या नावावर आधीची शेती नसेल, तर १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती तुम्हाला घेता येत नाही. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला आळा घालणारा तुकडेबंदीचा कायदाही १९४७ पासून आहे आणि त्याच्या नियमांत अलीकडे बदल होत आलेत. त्यामुळे "सात-बारावर सामाईक नाव लागेल, सगळे असंच घेतात" एवढ्यावर सही करू नका. सात-बारा, फेरफार, बिगरशेती आदेश आणि मुख्य रस्त्यापासून प्लॉटपर्यंत जायचा हक्क, हे चार कागद आपल्या वकिलाकडून तपासून घ्या. एजंटने दिलेल्या वकिलाकडून नको. आणि जमीन पाहायला मे महिन्यात जा. ऑगस्टमध्ये पानशेतला कुठलाही प्लॉट सुंदरच दिसतो.

प्लॉटची हौस खरीच असेल तर पुढचे काही महिने त्या भागात महिन्यातून एकदा भाड्याच्या घरात राहून बघा. चौथ्या-पाचव्या खेपेलाही जावंसं वाटलं तर मग बोलू.

तुमच्या यजमानांना मात्र मी दोष देत नाही. त्यांना तुमचा त्रास दिसतोय, हे आधी लक्षात घ्या. अनेकींच्या घरी तेवढंही होत नाही. आपल्याकडच्या नवऱ्यांना बायकोची काळजी वाटली की ते काहीतरी विकत घ्यायला निघतात, कारण "तुला काय हवंय" असं विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसणं त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. आणखी एक शंका घेते. कोथरूड ते चाकण रोजचं जाणं-येणं करणाऱ्या माणसाला स्वतःलाच त्या प्लॉटची गरज वाटत नसेल कशावरून? तुमच्या नावाने ते स्वतःसाठी शांतता मागत असतील. विचारा त्यांना. तुम्ही दोन संध्याकाळी टेकडीवर जाणार असाल, तर शनिवारची एक सकाळ त्यांची असू दे, त्या वेळी घर तुम्ही बघा. दोघांनी एकत्र जायचा आग्रह सुरुवातीला नको. एकत्र गेलात की वर जाऊन बारावीची फी आणि ऑपरेशनचं बिल यांवर बोलाल.

सासूबाईंबद्दलची टोचणी. त्यांना विचारलंत का कधी? सून दिवसभर बाहेर राहून चिडलेली परत येते, याचं त्यांना काय वाटतं? त्याही वर्षभर चार भिंतींत आहेत, आणि त्यांच्यासमोर आहे टीव्ही. १९८४ साली रॉजर उल्रिक या संशोधकाने अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींना समोर विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकाचे तीव्र डोस कमी लागले. अभ्यास लहान होता, पण तुम्हाला करून बघायला खर्च शून्य आहे. कॉटचं तोंड खिडकीकडे फिरवा. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची गॅलरीच दिसत असेल तर निदान आभाळ आणि कबुतरं तरी दिसतील, आणि कबुतरांना शिव्या घालण्यातही म्हातारपणी वेळ बरा जातो. रविवारी संध्याकाळी व्हीलचेअर भाड्याने आणून मुलाने त्यांना जवळच्या बागेत फिरवून आणावं. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात, तेवढी वेळ बघून निघा.

एक सल्ला तुम्हाला इतर कुणीतरी हमखास देईल, तो ऐकू नका: गॅलरीत बाग करा. कुंड्यांत माती भरणं, पाणी घालणं, मावा पडला की कडुनिंबाचा अर्क फवारणं. ज्याला हौस आहे त्याला यातून खूप मिळतं. तुमच्या यादीत मात्र ते आणखी एक काम होईल, आणि मोगरा सुकला की आणखी एक टोचणी. सध्या दुसऱ्याने वाढवलेली झाडं बघा. कॅम्पात जुने वड-पिंपळ अजून आहेत. डबा खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं फोन ड्रॉवरमध्ये ठेवून खाली जा आणि एका झाडाखाली उभ्या राहा. गाडी नेली नसेल त्या दिवशी मेट्रोने या, डेक्कनपाशी नदीपात्राच्या बाजूने जाताना खिडकीबाहेर बघा. पावसाळ्यात टेकडीच्या वाटा घसरड्या होतात आणि हिवाळ्यात सहालाच सूर्य जातो, तेव्हा असले छोटे तुकडेच उपयोगी पडतील.

आता एक गोष्ट मात्र टाळू नका. पहाटे तीनची जाग, चिडचिड, थकवा हे सगळं वर्षभर चाललंय आणि तुमचं वय ४६ आहे. पाळीच्या तारखा मागेपुढे होत असतील, अचानक अंग गरम होऊन घाम येत असेल, तर हा रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ असू शकतो, आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपाय आहेत. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घ्या. आपल्याकडे बायकांच्या थकव्याला कुणी "टेन्शन" म्हणतं, कुणी "वय झालं". रक्त तपासायला कुणी पाठवत नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, उगीच रडू येत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर टेकडीवर जायची वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मदतसेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत असते आणि मराठीत बोलता येतं. पहाटे तीनलासुद्धा.

हेच प्रश्न थोड्याफार फरकाने विचारणाऱ्या बाकीच्यांसाठी, पत्ता बदलून: सहकारनगर-धनकवडीकरांना तळजाई आहे, औंध-बाणेरला बाणेरची टेकडी आणि पाषाण तलाव, निगडीला दुर्गा टेकडी. हडपसर-खराडीकडे टेकड्यांची वानवा. तिथल्यांनी तिकीट काढून एम्प्रेस गार्डनमध्ये जावं, तिथली जुनी झाडं खरोखर बघण्यासारखी आहेत. थंडीत सोलापूर रस्त्यावर कवडीपाटला पक्षी येतात, पण नदीचा वास आणि पाण्यावरचा फेस सोसणार असेल तरच. सिंहगड आवडत असेल तर रविवार सोडा. एखाद्या मंगळवारी रजा काढून आतकरवाडीच्या वाटेने चढा. तोच गड, तेच पिठलं आणि मडक्यातलं दही, पण रांग नाही.

आणि एक सगळ्यांनाच. वेताळ टेकडीवरून रस्ता काढायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहे, नागरिक त्याला विरोध करताहेत. लांबच्या डोंगराचा तुकडा विकत घ्यायला आपण वीस लाख उभे करतो. दारातल्या टेकडीसाठी हरकतीचं एक पत्र लिहायचं म्हटलं तर मात्र आपल्याला वेळ नसतो. टेकडीवर नियमित जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, म्हणून फार लांबवत नाही.

तर ताई, या रविवारी बस चुकवा. ग्रुपवर "बरं नाही" असं लिहिलंत तरी चालेल, ते खोटं नाही. सकाळी नवऱ्याच्या हातात गोळ्यांचा डबा द्या आणि तासाभरासाठी निघा. परत आल्यावर दोघं बसून एक कागद घ्या. एका बाजूला हप्त्याचे १९,८०० लिहा आणि दुसऱ्या बाजूला मावशींच्या वाढीव वेळाचे पैसे, तुमच्या तपासण्या आणि महिन्याकाठी भाड्याच्या घराची एक रात्र. बेरीज यजमानांना करू द्या. मावशी काय म्हणाल्या ते मला कळवा. साडेसातपर्यंत थांबायला त्यांची काही अडचण असेल, तर त्यावर काय करता येईल ते पुढच्या वेळी बघू.